सांगावा, जलसा आणि आमचे मैदान

१

दलित समाजाच्या सांस्कृतिक इतिहासाकडे पाहताना आपण गाणे पाहतो, गाणारा पाहतो, गाण्यातला विचार पाहतो. पण त्या गाण्यासमोर बसलेला समूह तेथे जमला कसा, त्याला बोलावले कोणी, निरोप कोणत्या वाटेने गेला, हे आपण फारसे विचारीत नाही. माझ्या मते हा प्रश्न दुय्यम नाही. ज्या समाजाला चावडीवर बसण्याची, देवळात शिरण्याची आणि नाटकगृहात तिकीट काढण्याची मुभा नव्हती, त्याने आपले मैदान स्वतः उभे केले, ही घटना एखाद्या सत्याग्रहाइतकीच मोठी आहे. तिची तारीख कुठे नोंदलेली नाही, म्हणून ती इतिहासाबाहेर राहिली.

हा प्रश्न मला ग्रंथालयात पडला नाही, विहाराच्या ओट्यावर पडला. मी बुलढाणा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. आमचे गाव मेहकर तालुक्यात. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिलाच; वडील सालदार होते आणि आई रोजाने निंदणाला जाई. २०२३ च्या मार्च महिन्यात जयंतीच्या तयारीसाठी विहारात बैठक बसली. दरवर्षीप्रमाणे गायनपार्टी आणायची की नाही, यावर वाद झाला. तरुण पोरांचे म्हणणे असे की, पार्टीवर एवढा पैसा घालायचा कशाला? साऱ्या गायकांची सारी गाणी फोनवर आहेत. मोठा पडदा लावू, डीजे लावू, मिरवणूक जोरात काढू. एक पोरगा वडिलांना म्हणाला, "आबा, सारे गाने मोबाईलात हायेत." वडील म्हणाले, "गाने हायेत रे बाप्पा, पन त्या मोबाईलात बसाले जागा कोठी हाये?"

बैठकीत सगळे हसले. मीही हसलो. परंतु घरी आल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. गाणे ऐकणे आणि गाण्याला बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या निरक्षर माणसाने एका वाक्यात सांगितले होते. प्रस्तुत लेख हा त्या वाक्याचा मागोवा आहे.

२

सुरुवात सांगाव्यापासून केली पाहिजे. महारकीच्या कामांची यादी आपल्या सर्वांना पाठ आहे. वेस राखणे, मेलेले ढोर ओढणे, सरकारी माणसाच्या घोड्यापुढे धावणे. या यादीत आणखी एक काम होते, ते म्हणजे निरोप पोहोचवणे. गावात दवंडी द्यायची ती महाराने. पाटलाच्या वाड्यात मयत झाले तर रात्री-अपरात्री, उन्हापावसात, दहा कोसांवरच्या सोयऱ्यांना सांगावा द्यायचा तोही महाराने. त्याबदल्यात शिळी भाकर. आणि गावाच्या लग्नात, मिरवणुकीत डफडे वाजवायचे ते मातंगाने. मिरवणूक देवळाच्या पायरीशी गेली की वाजवणारा बाहेर आणि देव आत.

याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. ज्याला आज प्रसारमाध्यम म्हणतात, ते शेकडो वर्षे गावगाड्यात आमच्याच पायांवर आणि आमच्याच हातांवर चालले होते. गावाची बातमी आमच्या तोंडून जात होती. मात्र त्या बातमीत आमचा एक शब्दही नव्हता. दुसऱ्याचा सांगावा वाहणे हा आमचा धर्म ठरवला गेला, आणि स्वतःचा सांगावा देणे हा गुन्हा.

म्हणून ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी सुरू केलेल्या पाक्षिकाचे नाव 'मूकनायक' असावे, हा योगायोग नव्हता. त्या पत्राची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिला, हे सर्वश्रुत आहे. ज्यांच्या हातात छापखाना होता त्यांनी आमच्या पैशालाही विटाळ मानला. १९२७ साली 'बहिष्कृत भारत' निघाले, १९३० साली 'जनता', १९५६ साली 'प्रबुद्ध भारत'. पत्रे निघाली, पण वाचणारे किती होते? वस्तीत एखादाच अक्षर ओळखणारा. त्याच्याभोवती दहा-वीस माणसे बसत आणि तो मोठ्याने वाचे. वृत्तपत्रसुद्धा आमच्याकडे आधी ऐकले गेले.

ही उणीव जलशाने भरून काढली. महात्मा फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. त्या चळवळीतून पुढे सत्यशोधकी जलसे उभे राहिले. तमाशाचा साचा त्यांनी घेतला आणि त्यातला आशय बदलला. पुढे आंबेडकरी जलशांनी तेच हत्यार अधिक धारदार केले. गणातून गणपती गेला आणि तेथे बाबासाहेबांचे नाव आले. गौळणीतला शृंगार जाऊन कर्मकांडाची थट्टा आली. वगात राजा-राणीच्या जागी सावकार, भट, पाटील आणि त्यांना प्रश्न विचारणारा शिकलेला पोरगा आला. नाशिककडचे भीमराव कर्डक, केरुबुवा गायकवाड, पतितपावनदास ही नावे या परंपरेत आदराने घेतली जातात. कर्डकांनी १९७८ साली 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक लिहून ठेवले नसते, तर यातले बरेच काही आज आपल्याला कळलेही नसते. आपल्या दहा सभांचे काम एक जलसा करतो, अशा अर्थाचे बाबासाहेबांचे उद्गार कार्यकर्ते आजही सांगतात.

जलसा आणि तमाशा यांतला फरक केवळ आशयाचा नव्हता. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात पठ्ठे बापूराव यांनी देऊ केलेला पैसा बाबासाहेबांनी नाकारला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. आमच्या बायाबहिणींना नाचवून मिळालेला पैसा चळवळीला नको, ही त्यामागची भूमिका. मंच कोणाचा आहे, त्यासमोर कोण बसले आहे आणि पैसा कोठून आला आहे, हे तिन्ही प्रश्न त्या नकारात आहेत. आज फोनवरच्या गाण्याविषयी बोलतानाही मला हेच तीन प्रश्न विचारावेसे वाटतात.

३

आमच्या भागात हा सांगावा फिरत कसा होता? वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या हाती होते. १९०३ साली ते मध्य प्रांताला जोडले गेले. कापसामुळे येथे रेल्वे आली. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही स्थानके मुंबई-नागपूर लोहमार्गावर आणि जलंबहून खामगावला फाटा. खामगाव म्हणजे कापसाची मोठी पेठ. घाटाखालचा हा भाग रेल्वेने मुंबई-नागपूरशी जोडला गेला. घाटावरचे बुलढाणा, चिखली, मेहकर मात्र रेल्वेविना राहिले. माझे आजोबा तरुणपणी हंगामात खामगावच्या जिनात कामाला जात. ते सांगत की, कोणत्या गावी जलसा आहे हे जिनातच कळायचे. गाडीने आलेला एखादा माणूस ती बातमी आणी, जिनातला मजूर ती गावाकडे नेई, आठवडी बाजारात ती दहा गावांना मिळे. सोयरिकीची वाट हीसुद्धा सांगाव्याची वाट होती. ज्या पायांनी पाटलाच्या मयताचा निरोप नेला, त्याच पायांनी आता बाबासाहेबांचा निरोप नेला. मला हे स्थित्यंतर फार महत्त्वाचे वाटते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. घरातले देव नदीत गेले होते. त्यांच्याबरोबर देवांची गाणीही गेली. जन्माला, लग्नाला, मरणाला म्हणायचे काय? ही पोकळी कवी-गायकांनी भरून काढली. त्यांत वामनदादा कर्डक यांचे स्थान अनन्यसाधारण आहे. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे जन्मलेल्या या माणसाला अक्षरओळखही मोठेपणी झाली. १५ मे २००४ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत ते गावोगाव फिरत राहिले. त्यांचे शिष्य प्रतापसिंग बोदडे आमच्या मलकापूरच्या शेजारचे, मुक्ताईनगरचे. वऱ्हाडात या गाण्याला कव्वालीचा बाज सहज मिसळला. बुलढाण्याजवळ पिंपळगाव सराई येथे सैलानी बाबांचा दर्गा आहे; होळीच्या सुमारास तेथे मोठी यात्रा भरते आणि सर्व जातीधर्मांची माणसे येतात. टाळी, कोरस, सवाल-जवाब हे सारे कानांवर होतेच. दोन पार्ट्यांचा सामना हा प्रकार त्यामुळे आमच्याकडे लोकप्रिय झाला.

मी लहान असताना, म्हणजे १९९० नंतरच्या दशकात, आमच्या गावचा कार्यक्रम कसा होई ते सांगतो. गुढीपाडव्याच्या आसपास पट्टी बसवली जाई. घरटी ठरलेली रक्कम. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने पायलीभर ज्वारी द्यायची. विधवेच्या घरून काही घ्यायचे नाही. पार्टीचा मुक्काम कोणाकडे, जेवण कोणाकडे, हे बैठकीत ठरे. शेजारच्या गावांशी बोलून तारखा पुढेमागे केल्या जात, कारण एकाच रात्री चार गावांत कार्यक्रम असला तर कोणाकडेच माणूस जमत नाही. म्हणूनच आमची जयंती १४ एप्रिलला सुरू होते आणि मे संपेपर्यंत चालते. मग खामगावहून गुलाबी कागदावर छापलेली पत्रके येत. वडिलांना वाचता येत नव्हते. ते मला सायकलच्या दांडीवर बसवून गावोगाव नेत आणि मी ते पत्रक मोठ्याने वाचून दाखवी. तिसरीतल्या पोराचे वाचन ऐकायला म्हातारी माणसे उभी राहत. माझे पहिले व्याख्यान तेच.

रात्री मैदानावर गोधड्या, पोती, ताडपत्र्या अंथरल्या जात. मंचावर पेटी, ढोलक, बुलबुल, खंजिरी. गाणे रंगले की लोक उठून नोट देत आणि सोबत चिठ्ठी. गायक गाणे थांबवून वाचून दाखवी: अमक्या गावचे अमके, यांच्याकडून अकरा रुपये. ज्या माणसाचे नाव गावाने कधी पूर्ण उच्चारले नाही, बापाचे नाव लावून तर कधीच नाही, त्याचे पूर्ण नाव ध्वनिक्षेपकावरून चार गावांना ऐकू जाई. आई एकदा पदराची गाठ सोडून पाच रुपये घेऊन उठली होती. तिचे नाव पुकारले गेले तेव्हा ती खाली मान घालून परत आली, पण पुढे कित्येक दिवस ती गोष्ट सांगत होती. आज लोक फोनवर अंगठा दाखवून पसंती कळवतात. आमच्याकडे पसंती कळवायला उठून चालत जावे लागे, आणि ती नावानिशी नोंदली जाई.

४

यानंतर माध्यमे बदलली. १९८० नंतर ध्वनिफिती स्वस्त झाल्या. प्रल्हाद शिंदे आणि त्यांचे पुत्र आनंद व मिलिंद यांचा आवाज घराघरात पोहोचला. पानटपरीवर, रिक्षात, लग्नाच्या मांडवात भीमगीत वाजू लागले. गाणे प्रथमच गायकाशिवाय गावात शिरले. त्याचा लाभ झाला आणि तोटाही झाला. लाभ असा की मैदानाबाहेर, सवर्णांच्या कानांवरही ते पडू लागले. तोटा असा की फितीवरचा हक्क कंपनीचा झाला आणि लिहिणाऱ्या कवीचे नाव वेष्टनावर बारीक अक्षरांत गेले.

फोनने हीच गोष्ट हजारपटींनी वाढवली. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि आमच्या वस्तीतल्या सालदाराच्या पोराच्या हातातही यूट्यूब आले. याकडे नाक मुरडण्याचे मला कारण दिसत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या, कडूबाई खरात यांचे उदाहरण घ्या. एकतारी घेऊन दारोदार, गावोगाव गाणाऱ्या या बाईंना कोणत्या संगीत सभेने बोलावले असते? कोणीतरी फोनवर त्यांचे गाणे टिपले, ते लाखो लोकांनी पाहिले, आणि मग मोठमोठ्या मंचांवर त्यांना निमंत्रणे आली. येथे फोनने मैदान बुडवले नाही. फोनने एका गायिकेला मैदानापर्यंत नेले. चेन्नईत २०१८ च्या जानेवारीत पा. रंजित यांच्या पुढाकाराने 'कास्टलेस कलेक्टिव्ह' हा वाद्यवृंद मंचावर आला. त्यांची गाना आणि रॅप या बाजाची जातिअंताची गाणी आमच्या महाविद्यालयातील पोरांनी फोनवरच ऐकली. तमिळ कळत नसताना ऐकली.

दुसरे असे की आमची अर्धी तरुण पिढी गावात नाही. ती पुणे, सुरत, मुंबईकडे कारखान्यांत आणि बांधकामांवर आहे. विहाराच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर पट्टीचा हिशोब पडला की तिकडून पैसे येतात. २०२० साली टाळेबंदीत १४ एप्रिल आला तेव्हा साऱ्या जगाने घरात जयंती केली. त्या रात्री कितीतरी गायक आपल्या घरातून फेसबुकवर गायले. मी आणि आईवडील एका छोट्या फोनभोवती बसून ते ऐकत होतो. त्या दिवशी फोन नसता तर आम्ही एकटे पडलो असतो.

परंतु फोनमधले गाणे निरुपद्रवी आहे, असेही कोणी समजू नये. २०१५ च्या मे महिन्यात शिर्डीत एका दलित तरुणाच्या फोनवर बाबासाहेबांच्या गाण्याची धून वाजली, त्यावरून वाद झाला आणि त्याचा निर्घृण खून झाला. २०२३ च्या १ जूनला नांदेडजवळ बोंढार हवेली येथे एका तरुणाला मारले गेले. गावात भीमजयंती काढल्याचा राग त्यामागे होता, असे त्याच्या घरच्यांनी सांगितले. खिशातली धून आणि रस्त्यावरची मिरवणूक, दोन्हींचा राग एकाच मनातून येतो. अशा वेळी एकट्याच्या कानात गाणे असणे पुरेसे नाही. त्याच्या शेजारी बसलेली माणसे असावी लागतात. माझ्या दृष्टीने मैदानाचा खरा प्रश्न हा आहे.

मैदान आकसण्याची इतर कारणेही नोंदली पाहिजेत. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी केली. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्याला आहे. आजाऱ्यांचा, विद्यार्थ्यांचा विचार करता नियम योग्यच आहे. पण जो कार्यक्रम मुळातच शेतातून मजूर परतल्यावर, भाकरतुकडा झाल्यावर रात्री १० ला सुरू होई आणि पहाटे संपे, त्याचे काय करायचे, याचा विचार आम्हीच करायला हवा होता. तो आम्ही केला नाही. आम्ही पार्टी बंद केली आणि दुपारच्या मिरवणुकीत डीजे आणला. डीजेपुढे नाचता येते, प्रश्न विचारता येत नाही. आणि त्यापुढे आमच्या आया-बहिणींना बसायला जागा उरत नाही.

५

दलित साहित्याने आरंभापासून अमेरिकेतील काळ्या बांधवांच्या साहित्याशी नाते सांगितले. १९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथरने तर नावच तेथून घेतले. आपण त्यांची कविता वाचली. त्यांनी आपली मैदाने कशी जोडली, हे मात्र कमी वाचले. वंशभेदाच्या काळात काळ्या गायक-वादकांना गोऱ्यांच्या बहुतेक सभागृहांत आणि हॉटेलांत प्रवेश नव्हता. त्यांनी दक्षिणेकडच्या गावोगावच्या काळ्या वस्त्यांतील छोटी सभागृहे, खाणावळी, धर्मशाळा यांची साखळी तयार केली. ही साखळी चालली कशाच्या जोरावर? शिकागोच्या 'डिफेंडर' या काळ्यांच्या वृत्तपत्राचे अंक दक्षिणेत पोहोचवण्याचे काम पुलमन रेल्वेडब्यांतील काळे हमाल करीत. वॉल्टर बार्न्स नावाचा वाद्यवृंदप्रमुख दौऱ्यावर असताना त्याच पत्रात लिहित असे, आणि त्याच्या लिखाणातून इतर वादकांना या मैदानांचा ठावठिकाणा कळत असे. २३ एप्रिल १९४० रोजी मिसिसिपीतील नॅचेझ या गावी अशाच एका सभागृहाला आग लागली. २०९ माणसे मेली. त्यांत बार्न्सही होता. १९३६ पासून काळ्या प्रवाशांसाठी मुक्कामाच्या जागांची पुस्तिका काढणारा व्हिक्टर ह्यूगो ग्रीन तर टपाल वाटणारा माणूस होता.

रेल्वेतला हमाल, टपाल वाटणारा, आणि आमच्याकडे दवंडी देणारा महार. दुसऱ्याचा निरोप वाहणाऱ्यांनीच आपल्या माणसांचा निरोप वाहिला. त्यांनी वाहिलेल्या निरोपात नेहमी एक जागा असे: येथे या, येथे बसा, येथे जेवण मिळेल. निरोप माणसाला कोठेतरी नेत असे. आज फोनवर पुढे ढकललेला निरोप आपल्याला कोठे नेतो? बहुधा पुढच्या निरोपाकडे. सकाळच्या 'जयभीम'च्या चित्रापासून रात्रीच्या चित्रफितीपर्यंत आपण दिवसभर सांगावे वाहतो, विनामोबदला वाहतो, आणि त्यातून पैसा मिळतो तो तिसऱ्याच कोणाला. ही नवी महारकी तर नव्हे, अशी शंका मला अनेकदा येते.

६

आता माझी स्वतःची चूक सांगतो. २०२३ च्या त्या बैठकीत शेवटी पार्टी आणायचे ठरले आणि तरुणांची समजूत पटावी म्हणून मी एक युक्ती काढली. कार्यक्रम फेसबुकवर थेट दाखवायचा. पोरे खूष झाली. त्या रात्री हजारो माणसांनी तो पाहिल्याचा आकडा फोनवर दिसत होता. मैदानात मात्र निम्म्या ताडपत्र्या रिकाम्या होत्या. शेजारच्या वस्तीतली माणसे अंगणात बाजेवर पडून फोनवर आमचाच कार्यक्रम पाहत होती. मंचावरचा साठीचा गायक रिकाम्या ताडपत्र्यांकडे पाहत गात होता. त्यातच एका जुन्या चित्रपटगीताच्या चालीवरचे गाणे सुरू झाले आणि फोनवरचा आवाज आपोआप बंद पडला. यंत्राने चाल ओळखली होती. आमच्या कवींनी चाल उसनी घेतली ती लोकांच्या ओठांवर शब्द लवकर बसावेत म्हणून. यंत्राला चालीचा मालक कळतो, शब्दांचा कवी कळत नाही.

गायक जाताना एवढेच म्हणाले, "सर, गर्दी होती म्हनता, पन मले दिसली नाही." मला उत्तर देता आले नाही.

पुढच्या वर्षी आम्ही वेगळा मार्ग घेतला. २०२४ साली लोकसभेची निवडणूक होती. बुलढाण्याचे मतदान २६ एप्रिलला झाले. कार्यक्रम आम्ही मे महिन्यात, बुद्धपौर्णिमेच्या सुमारास घेतला. फेब्रुवारीतच अकरा गावांच्या विहारांचा एक व्हॉट्सअ‍ॅप समूह केला. त्याचा उपयोग तीनच गोष्टींसाठी करायचा, असे ठरवले: तारीख, हिशोब आणि निमंत्रण. कोणत्या गावी कोणत्या रात्री कार्यक्रम आहे हे आधी कळल्यामुळे तारखा एकमेकींवर आल्या नाहीत. एकाच पार्टीला तीन गावांत लागोपाठ तीन रात्री मिळाल्या, तिचा गाडीखर्च तिघांत वाटला गेला. कार्यक्रम साडेसहाला सुरू करून दहाच्या आत संपवायचा ठरला. संध्याकाळची वेळ म्हणून बाया मोठ्या संख्येने आल्या; रात्री उशिरा त्या येत नसत, हे आम्हा पुरुषांच्या लक्षातच आले नव्हते. थेट प्रक्षेपण केले नाही. आठ दिवसांनी ध्वनिचित्रण टाकले आणि त्याखाली प्रत्येक गाण्याचा कवी, गायक आणि ढोलकीवाला यांची नावे लिहिली. नावे शोधताना दोन गाण्यांचा कवी आम्हाला माहीतच नव्हता. समूहावर विचारले तेव्हा एका गावच्या म्हाताऱ्या आजीने नातवाकडून आवाज पाठवून एकाचे नाव सांगितले. दुसऱ्याचे अजून सापडलेले नाही.

हे फार मोठे यश आहे, असा माझा दावा नाही. समूहावर पुढाऱ्यांचे फलक आले, गटबाजी झाली, दोन गावे रुसून बाहेर पडली आणि एक परत आले. परंतु फोन हे पत्रक आहे, मैदान नव्हे, एवढे आम्हाला कळले. पत्रक कितीही दूर जावो, ते वाचून माणूस चालत यायला हवा.

बुलढाणा जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार साधारणपणे दर सात माणसांत एक बौद्ध आहे. तेरा तालुके आहेत. यांतील किती गावांत गायनपार्टीची परंपरा होती, कोणत्या साली ती बंद पडली, त्या मैदानावर आज काय आहे, याची यादी कोणी करायची? विद्यापीठे करतील अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. माझ्या विद्यार्थ्यांनी गेल्या वर्षी आपापल्या गावच्या जुन्या माणसांना फोनसमोर बसवून बोलते केले. कोणाच्या पेटाऱ्यात गुलाबी पत्रक निघाले, कोणाकडे फुटलेली खंजिरी. शिक्षकांनी, कार्यकर्त्यांनी हे आपापल्या गावी करावे, ही विनंती आहे. ज्या यंत्राने आपण दिवसभर दुसऱ्यांचे सांगावे वाहतो, त्याच यंत्रात आपल्या मैदानाचा इतिहासही नोंदता येतो.

या वर्षीच्या पट्टीची बैठक झाली तेव्हा ज्या पोराने वडिलांना मोबाईलचे सांगितले होते, तोच हिशोबाची वही घेऊन बसला होता. वडील आता थकले आहेत. कार्यक्रमाच्या दिवशी ते दुपारीच मैदानावर गेले आणि पहिली ताडपत्री आपल्या हाताने अंथरून तिच्यावर बसून राहिले. मी विचारले, "एवढ्या लवकर?" ते म्हणाले, "कोनी आलं त दिसलं पाह्यजे, आपून बसेल हावो म्हनून."